टॅपेट गप्प झाले आणि गाडी घाटात अडू लागली

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे २००७ सालची पल्सर १५० आहे आणि तिचे ६१ हजार किलोमीटर झाले आहेत. गेल्या पावसाळ्यापासून हेडमधून शिलाई मशीनसारखी बारीक किटकिट येत होती. गाडी पळत होती, अ‍ॅव्हरेजही नेहमीचे होते. पण सिग्नलला उभे राहिले की शेजारचा वळून बघायचा, म्हणून दोन महिन्यांपूर्वी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये टॅपेट सेट करून घेतले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट जुळवून घेतली. गाडी नुकतीच चालवून आणलेली होती. कारागिराने तशाच गरम इंजिनाचे कव्हर उघडले, फट मोजणारे कोणतेही गेज न लावता बोटाने रॉकर हलवून पाहत स्क्रू आवळले आणि आवाज पूर्ण घालवून दिला. इंजिन इतके शांत झाले की मी त्याला ठरल्यापेक्षा जास्त पैसे देऊन आलो.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट चढून वर चहाला थांबलो, आणि दहा मिनिटांनी गाडी चालू होईना. सेल्फ फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हते. अर्ध्या तासाने, थंड झाल्यावर, काही घडलेच नाही अशा थाटात ती पहिल्या किकला चालू झाली. तेव्हापासून हे चार वेळा झाले आहे. गरम असताना रेसिंग (थ्रॉटल सोडल्यावर उभ्या गाडीत इंजिन फिरते तो वेग) स्थिर राहत नाही आणि उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट ऐकू येते. शिवाय तीन हजार आरपीएमच्या आसपास एक खडखड पूर्वीही होती आणि आजही आहे. ती मात्र त्या सेटिंगने गेली नाही.

प्रश्न दोन आहेत. या त्रासाचा टॅपेटशी संबंध असू शकतो का, आणि ते सेटिंग घरी करण्यासारखे आहे का? हातात पाना धरता येतो, चेन आणि ब्रेक शू मी स्वतः बदलतो. पण इंजिन आजवर कधी उघडलेले नाही.

मॅग्नेटो

संबंध असू शकतो, आणि तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय एक्झॉस्टच्या, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या, टॅपेटवरच आहे. तो आवश्यकतेपेक्षा जास्त आवळला गेला असावा.

टॅपेटमधली फट ही कारखान्यात राहून गेलेली ढिलाई नव्हे, ती मुद्दाम ठेवलेली जागा आहे. इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी लांबते. त्या वाढीला जागा उरली नाही, तर कॅमने (रॉकर ढकलणाऱ्या फिरत्या उंचवट्याने) सोडून दिल्यावरही रॉकर व्हॉल्व्हवर टेकलेलाच राहतो आणि व्हॉल्व्ह आपल्या सीटवर (हेडमधल्या बैठकीच्या कड्यावर) पूर्ण बसत नाही. मग गरम इंजिनाचे कॉम्प्रेशन निसटते आणि चालू करणे अवघड होते. थंड झाले की दांडी आखडते, व्हॉल्व्ह पुन्हा बसतो आणि गाडी शहाण्यासारखी वागते. यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे डोके सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापते आणि त्यातली बरीचशी उष्णता तो सीटवर टेकलेला असतानाच हेडमध्ये उतरते. टेकणेच बंद झाले तर त्याची कड जळते. मग प्रकरण सेटिंगवर भागत नाही, हेड उतरवावे लागते.

ढिला टॅपेट वाजतो, त्यामुळे लोक त्याला घाबरतात. आवळलेला टॅपेट वाजत नाही, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मी स्वतः किंचित वाजणाऱ्या टॅपेटची गाडी बिनधास्त चालवेन, पण एकाएकी गप्प झालेल्या इंजिनाकडे संशयाने बघेन.

घरच्या घरी करण्यासारखी एक परीक्षा आहे. सकाळी थंड गाडीला इग्निशन बंद ठेवून हळू किक दाबा आणि पायाला किती अडथळा लागतो ते लक्षात ठेवा. नंतर घाट चढून या आणि पुन्हा तेच करा. गरम असताना किक लोण्यातून गेल्यासारखी गेली, तर हवा कोठून तरी निसटते आहे.

कोकणकडा

मॅग्नेटो साहेबांशी सहमत आहे, पण एक बाजू राहून जाऊ नये. गरम झाल्यावर चालू न होणे आणि थंड झाल्यावर चालू होणे ही इग्निशन कॉइलचीही नेहमीची खोड आहे. माझ्या गाडीत तेच निघाले होते, आणि तोवर मी कार्बुरेटर दोनदा साफ करून घेतला होता. म्हणून घाटात पुढच्या वेळी अडकलात तर प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवा आणि सेल्फ मारून ठिणगी बघा. प्लगच्या उघड्या भोकाजवळ पेट्रोलची वाफ असते, त्यामुळे प्लग तेथून दूर धरा आणि धातूच्या भागाला हात लावू नका. ठिणगी निळी आणि ठणठणीत असेल तर कॉइल निर्दोष आहे.

घाटवाट

दोन्ही करून पाहिले. ठिणगी उत्तम आहे. किकचा फरक मात्र इतका स्पष्ट आहे की मला स्वतःचीच लाज वाटली, कारण दोन महिने मी रोज ही गाडी चालवतो आहे. थंड असताना पाय अडतो, गरम असताना तो थेट खाली जातो. आता टॅपेट तपासायचेच असे ठरवले आहे. मात्र ती खडखड टॅपेटची नसेल तर कशाची, हे ओळखायचे कसे?

मॅग्नेटो

आवाज ओळखण्याआधी ऑइलची पातळी बघा. हे सांगताना मला दर वेळी संकोच वाटतो, पण ‘इंजिन वाजते’ म्हणून आणलेल्या कितीतरी गाड्यांत ऑइल तळाला गेलेले असते. त्यानंतर नंबरप्लेट, साइड पॅनल, सायलेन्सरवरची जाळी आणि मडगार्डचे बोल्ट हाताने दाबून बघा. ठरावीक आरपीएमवरच होणारी खडखड अनेकदा इंजिनाबाहेरची असते.

इंजिनातल्या आवाजात पहिला प्रश्न त्याच्या गतीचा असतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टची एक फेरी होते. म्हणजे १४०० आरपीएमच्या रेसिंगला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७०० वेळा, सेकंदाला सुमारे १२ वेळा उघडतो. क्रँकशी जोडलेला ठोका याच्या दुप्पट वेगाने पडतो. कानाला हा फरक लवकर कळत नाही, पण फोनवर ध्वनिमुद्रण करून ते चौपट संथ केले की ठोके चक्क मोजता येतात. एकच टॅपेट वाजत असेल तर सेकंदाचे बारा हा आकडा साधारण जुळतो. दोन्ही वाजत असतील तर ठोके दुप्पट होतात आणि क्रँकच्या ठोक्याशी घोटाळा होऊ शकतो. तेव्हा गतीबरोबर जागाही बघावी लागते.

जागा शोधायला लांब स्क्रू ड्रायव्हर पुरेसा आहे. मूठ कानामागच्या हाडाला टेकवा, टोक हेडवर ठेवा, नंतर सिलिंडरवर, नंतर खालच्या केसिंगवर. टॅपेटचा आवाज हेडवर कोरडा आणि जवळचा लागतो. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज खाली लागतो. तो जड, पोकळ ‘ठक्’ असतो आणि चढावर थ्रॉटल पिळला की वाढतो. तो ऐकू आला तर गाडी चालवणे तेथेच थांबवावे. थंड इंजिनात येणारा आणि दोन-तीन मिनिटांत मावळणारा खुळखुळ आवाज बहुधा पिस्टन आणि बोअरमधल्या वाढलेल्या जागेचा असतो. चढावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने गाडी ओढताना कपात गोट्या हलवल्यासारखा आवाज आला, तर तो झिजेचा नाही. मिश्रण वेळेआधी पेटत आहे. आधी गिअर उतरवा.

तुमच्या खडखडीबद्दल मला टायमिंग चेनचा, म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या आतल्या साखळीचा, संशय आहे. थ्रॉटल एका जागी धरून तीन हजारांवर ती येते का, आणि आरपीएम उतरताना ती अधिक मोकळी ऐकू येते का, हे बघून सांगा. आणखी एक गोष्ट करा. क्लच दाबल्यावर आवाज बदलला, तर शोध हेडकडे नव्हे, क्लचकडे न्यावा लागेल.

कोकणकडा

यात माझी एक भर. बेंड पाइप (सायलेन्सरकडे जाणारी नळी) हेडला जोडला जातो तेथील गॅस्केट फुटली की येणारा ‘टिक टिक’ हुबेहूब टॅपेटसारखा असतो. थंड इंजिन चालू करून लगेच, पाइप तापायच्या आत, सांध्यावर साबणाचे पाणी सोडा. बुडबुडे फुगले किंवा नटाभोवती काळी काजळी दिसली, तर वीस-तीस रुपयांची गॅस्केट बदलून काम होते. मी त्या आवाजासाठी दोनदा टॅपेट सेट करून घेतले होते.

वैदर्भी

मी माझ्या गाडीचे टॅपेट गेली सहा वर्षे स्वतः सेट करते, म्हणून प्रत्यक्ष कामाबद्दल लिहिते.

इंजिन पूर्ण थंड हवे, रात्रभर उभे राहिलेले. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत ३५ अंशांखाली असे स्पष्ट लिहिलेले असते. मी नागपूरला राहते. मे महिन्यात आमच्याकडे ३५ अंशांखालचे इंजिन हवे असेल तर पहाटे पाचला उठण्याखेरीज गत्यंतर नाही. मी ते काम दिवाळीनंतर ठेवते.

पल्सरला टाकी काढावी लागेल. नळ बंद करा, मोकळ्या हवेत काम करा, देवघरातली समई किंवा गॅस जवळ नको. हेडभोवतीची धूळ आधी ब्रशने झाडून घ्या, नाहीतर कव्हर उघडताच ती आत पडते. प्लग काढले की इंजिन हाताने हलके फिरते. प्लगच्या भोकांत स्वच्छ फडक्याचे बोळे ठेवा आणि उचलून ठेवलेला प्रत्येक नट मोजा. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचे चाक पुढच्या दिशेने हळूहळू फिरवा. इंजिनातल्या मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या चकतीच्या) कव्हरवरील झाकण उघडून चकतीवरची ‘टी’ खूण, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असल्याची खूण, केसिंगवरच्या खुणेसमोर आणा.

येथेच नवखे फसतात, कारण ही खूण एका चक्रात दोनदा समोर येते. एकदा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, आणि एकदा एक्झॉस्ट बंद होत असताना इनटेक (मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह) उघडू लागलेला असतो. दुसऱ्या वेळी मोजलेली फट निरर्थक असते. चाक फिरवताना इनटेकचा रॉकर बघत राहा. तो खाली दबून पुन्हा वर आला की त्यानंतर येणारी ‘टी’ खूण आपली.

फीलर गेजच्या (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या संचाच्या) पात्याला किंचित तेल लावून ते स्क्रूचे टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये सरळ सरकवा. ते वहीच्या दोन पानांमधून पट्टी ओढावी तसे जायला हवे, अडायला नको आणि मोकळे डुगडुगायलाही नको. आकडा आपापल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्यावा.

मॅग्नेटो

उत्तम लिहिले आहे. पल्सर १५० चा आकडा इनटेकला ०.०५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.१० मिलिमीटर. एक्झॉस्टची फट दुप्पट ठेवण्याचे कारण तेच, तो अधिक तापतो.

दाढीवाला

गावाकडे आमचे मेस्त्री एक्झॉस्टला दाढीचे पाते वापरायचे. दोन्ही बाजूंनी धार असलेले ते पाते साधारण ०.१० मिलिमीटरचेच असते. शास्त्र त्यांना ठाऊक नव्हते, पण सेटिंग चुकत नसे.

वैदर्भी

दाढीवाला, पात्याची जाडी बरोबर आहे, पण तेलकट बोटांनी ते धरणे जोखमीचे आहे आणि इनटेकच्या ०.०५ साठी ते निरुपयोगी आहे. फीलर गेज दोन-तीनशे रुपयांत मिळते. मात्र स्वस्त गेजचे ०.०५ चे पाते कागदासारखे लवचीक असते आणि ढकलले की चुरगळते. ते टोकापाशी धरून सरकवावे, मागून रेटू नये.

घाटवाट

आज सकाळी बसलो होतो. थोडा गोंधळ झाला आहे. ‘टी’ खूण जुळवली, पण ०.०५ चे पाते दोन्हीकडे जाईना. इनटेकचा स्क्रू जवळजवळ एक फेरा सैल केल्यावर ते गेले. इतका फेरा लागणे मला चुकीचे वाटले, म्हणून तेथेच थांबलो आहे.

मॅग्नेटो

थांबलात हे फार चांगले केलेत. तुम्ही चुकीच्या ‘टी’ वर आहात. मागचे चाक पुढे फिरवून क्रँकची आणखी एक पूर्ण फेरी द्या. योग्य जागी दोन्ही रॉकर मोकळे असतील किंवा निदान दाबाखाली नसतील. या कामात स्क्रूचा अष्टमांश फेरासुद्धा खूप होतो.

घाटवाट

धन्यवाद, तेच झाले होते. योग्य जागी आणून, इनटेक अंदाजे पूर्ववत करून पुन्हा मोजले. इनटेकची मूळ फट आता कळणार नाही, ती मीच बिघडवली. पण एक्झॉस्टला मी हात लावलेला नव्हता आणि तेथे माझ्या गेजचे सर्वांत पातळ, ०.०४ चे पातेही शिरले नाही. रॉकर बोटाने हलवून पाहिला तर तसूभरही हलत नव्हता. गरम असताना तो व्हॉल्व्हला किती दाबून धरत असेल, याची कल्पना आली.

सेट करताना आणखी एक धडा मिळाला. स्क्रू बरोबर जागी आणून लॉकनट आवळला की पाते अडकून बसायचे, कारण नटाबरोबर स्क्रूही किंचित फिरतो. चौथ्या प्रयत्नात डाव्या हाताने स्क्रू घट्ट धरून उजव्या हाताने पाना फिरवला आणि ते जमले. मग दोन पूर्ण चक्रे फिरवून पुन्हा मोजले. इनटेकला ०.०५ जाते, ०.०८ जात नाही. एक्झॉस्टला ०.१० जाते, ०.१३ जात नाही.

किटकिट परत आली आहे, पण पूर्वीपेक्षा कमी. गरम असताना किक पुन्हा पायाला लागते.

कास्ट आयर्न

धाग्याचा विषय पल्सरचा आहे, तरी जुन्या बुलेटवाल्यांनी हे आकडे आपल्या गाडीला लावू नयेत, म्हणून लिहितो. जुन्या कास्ट आयर्न इंजिनात थंड अवस्थेत फट शून्य ठेवतात. खालचे टॅपेट कव्हर उघडून, पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, पुशरॉड (खालच्या कॅमवरून रॉकर ढकलणारी दांडी) बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. इंजिन तापले की बॅरल आणि हेड मिळून दांड्यांपेक्षा जास्त वाढतात आणि फट आपोआप तयार होते. त्यानंतरच्या बुलेटच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट आहेत. त्यांना सेटिंग नसते. सकाळी पहिले काही सेकंद टकटक करून ती गप्प झाली तर ते ऑइल भरण्याचे लक्षण आहे.

चाकणकर

आणि केटीएम ड्यूकवाल्यांनी स्क्रू शोधत बसू नये. तेथे फट शिमच्या (व्हॉल्व्हवर बसणाऱ्या छोट्या चकतीच्या) जाडीने ठरते. जुन्या शिमची जाडी, अधिक मोजलेली फट, वजा हवी असलेली फट, म्हणजे नवा शिम. हिशेब शाळकरी आहे, पण काम नाही; मोजणे घरी करावे, शिम बदलणे पहिल्यांदा तरी जाणत्याच्या शेजारी बसून करावे.

मॅग्नेटो

घाटवाट, फट बरोबर असूनही किटकिट का उरली, याचे एक कारण सांगतो. ६१ हजार किलोमीटरनंतर स्क्रूच्या टोकाला बारीक खळगा पडलेला असू शकतो. गेजचे सपाट पाते त्या खळग्यावर पुलासारखे टेकते, दांडीचे टोक मात्र खळग्यात जाते. म्हणजे मोजलेली फट ०.१० आणि प्रत्यक्षातली त्याहून अधिक. पुढच्या वेळी स्क्रू काढून टोक उजेडात तिरपे धरून बघा. खळगा दिसला तर स्क्रू बदला, पण आवाज घालवण्यासाठी फट कमी करू नका. त्याच वाटेने मागच्या वेळी खंबाटकीत अडकला होतात.

घाटवाट

आता खडखडीचे. थ्रॉटल तीन हजारांवर स्थिर धरला की ती येते, उतरताना वाढते, क्लचने बदलत नाही. स्क्रू ड्रायव्हर हेडच्या ज्या बाजूने टायमिंग चेन जाते तेथे टेकवल्यावर ती स्पष्ट लागते, विरुद्ध बाजूला जवळजवळ नाही.

मॅग्नेटो

मग चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर. टेन्शनर स्वतः काढणार असाल तर आधी तीच ‘टी’ खूण, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना जुळवा, आणि तो बाहेर असेपर्यंत चाक, किक, सेल्फ कशालाही हात लावू नका. चेनचा एक दात सरकला तर टायमिंग चुकते, आणि चूक मोठी असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो. खात्री वाटत नसेल तर हे काम बाहेर द्या, पण समोर उभे राहा.

घाटवाट

बाहेर दिले, वेगळ्या गॅरेजमध्ये, आणि समोर उभा राहिलो. टेन्शनर अडकलेला होता. चेन आणि गाइड पट्ट्याही झिजलेल्या होत्या, त्यामुळे तिन्ही बदलले. खडखड गेली. एक्झॉस्टचा स्क्रू काढून पाहिला. टोकाला खरोखरच नखाला जाणवणारा खळगा होता, तोही बदलला.

त्यानंतर ११०० किलोमीटर झाले आहेत. काल खंबाटकी चढून त्याच टपरीवर थांबलो, चहा घेतला आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. आज सकाळी थंड इंजिनावर पुन्हा मोजले. इनटेक ०.०५ वर कायम आहे. एक्झॉस्टला ०.१० चे पाते जाते, पण गेल्या वेळेपेक्षा किंचित घट्ट वाटते. काळजी करावी का?

मॅग्नेटो

नवा स्क्रू बसताना थोडा फरक पडतो, लगेच हात लावू नका. आणखी हजार किलोमीटरनंतर मोजा. तेव्हा ०.१० गेले तर विषय संपला. फट पुन्हा पुन्हा कमी होत राहिली तर त्या दोन महिन्यांत व्हॉल्व्हची कड किंवा सीट खराब झाली आहे असे समजा आणि हेड उतरवून व्हॉल्व्ह लॅपिंगला (सीटवर घासून घट्ट बसवायला) द्या.

घाटवाट

ठीक आहे. तारीख, किलोमीटर आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून सीटखाली चिकटवले आहेत. हजार किलोमीटर झाले की येथेच लिहीन.